माळाची बाग

आकांक्षा स्कूटीवरून माळावर आली तेव्हा धर्मराज विहिरीच्या काठावर बसून मोटारीची वायर सोलत होता. पुतणी आपल्या बांधावर आलेली बघून त्याला आधी वाटलं, म्हातारा गेला. हातातली पकड तशीच राहिली.

"मोठे पप्पा, आजोबांनी बोलावलंय. तुम्हाला आणि मोठ्या मम्मीला. वडीगोद्रीची आत्यापण आलीय."

"आप्पा बरे हायेत ना?"

"बरे आहेत," ती म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "म्हणजे आहेत."

बापाचं घर माळावरून दिसायचं. मधे एक ओढा तेवढा. पण वाटणी झाल्यापासून बारा वर्षांत धर्मराजनं त्या घराचा उंबरा एकदाच ओलांडला होता, आई गेली तेव्हा. तेव्हाही तिरडी उचलायला तो आला आणि तिसऱ्या दिवशी राख सावडून परस्पर माळावर निघून गेला. गावात बाप समोरून आला तर तो रस्ता बदलायचा नाही. नुसतं "रामराम आप्पा" म्हणायचा आणि पुढं जायचा. तीर्थपुरीच्या बाजारात लोक म्हणायचे, असला रामराम घालण्यापेक्षा शिवी दिलेली बरी.

त्याची बायको दुर्गाबाई खोलीतून बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "कामून बोलावलं असंल, ते मला ठावं हाय," ती म्हणाली. "ओढ्यानं खालची बाग खाल्ली. आता ह्यांना माळ दिसून राह्यला."

"चल तर खरं. बापानं बोलावलंय."

"तेच म्हणते मी. बापानं बोलावलं की तुमी उठलाच."

जाताना धर्मराजनं मुद्दाम ओढ्याकडची वाट धरली. खालची बाग त्याला बघायचीच होती. भादव्यात पावसानं असा काही तळ ठोकला होता की ओढा आपली वाट सोडून बागेत शिरला आणि आठवडाभर तिथंच मुक्कामाला राहिला. पाणी ओसरल्यावर वरची सगळी माती वाहून गेली होती. कमरेएवढे खड्डे पडले होते. मोसंबीची तीस-तीस वर्षांची झाडं मुळं उघडी टाकून एकमेकांवर रेलली होती. जी उभी होती त्यांच्या बुंध्यांतून डिंक गळत होता. फळांचा सडा कुजून त्याचा आंबूस वास साऱ्या शिवारात भरला होता. कलमांची नर्सरी तर होती की नव्हती, एवढंही कळत नव्हतं. हिरव्या जाळीचा एक तुकडा बाभळीला लटकत होता.

धर्मराज बघत उभा राहिला. त्याला वाईट वाटायला हवं होतं. ह्या झाडांतली कितीतरी त्यानंच तरुणपणी बापाबरोबर लावली होती. पण आतून कुठून तरी एक गारवा आला. तापलेल्या तव्यावर पाणी टाकावं तसं काहीतरी चर्र करून निवलं. त्याची त्यालाच लाज वाटली, पण निवलं ते निवलंच.

दुर्गाबाईनं त्याच्या तोंडाकडं एकदा पाहिलं आणि ती पुढं चालू लागली.

आप्पा, म्हणजे सर्जेराव, चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. ज्वारीच्या चार एकरांवर त्यांनी संसार सुरू केला तेव्हा ह्या भागात मोसंबीचं झाड बघायला मिळायचं नाही. पैठणकडच्या एका बागवानाच्या हाताखाली ते दोन वर्षं राबले, एका झाडाचा कोंब दुसऱ्याच्या सालीत बसवायची, डोळा भरायची विद्या शिकले आणि ओल्या गोणपाटात डोळकाड्या गुंडाळून सायकलवरून गावी आले. लोक हसले. ज्वारी सोडून लिंबं खाणार का म्हणाले. मग झाडं फळाला आली, आणि सर्जेराव गावच्या याकूबभाईच्या ट्रकमधे फळांच्या ढिगावर बसून दिल्लीच्या बाजारात गेले. हिंदीचा एक शब्द येत नव्हता. याकूब बोलायचा आणि हे बोटं दाखवायचे. पुढं जालन्याच्या मोंढ्यात आडत निघाली, ओढ्याकाठी नर्सरी झाली. आष्टीपासून वडीगोद्रीपर्यंत कुणी बाग लावली तर आधी विचारायचे, कलम सर्जेरावाचंच हाय ना? माणूस कोर्टात बापाचं नाव सांगतो तसं झाडाला ह्यांचं नाव लागायचं.

आणि ह्याच माणसानं वाटणीच्या आधीच्या त्या दुष्काळात, जेव्हा कालवा कोरडा पडला आणि विहिरींना तळ दिसला, तेव्हा एका बैठकीत सांगून टाकलं होतं: दोन बागांना पुरेल एवढं पाणी न्हाई. खालची जगवायची, माळाची सोडायची. खालची बाग धाकटा अंगद बघायचा, माळाची थोरला धर्मराज. धर्मराज मान हलवून उठला होता. उन्हाळाभर त्यानं आपली झाडं वाळताना बघितली आणि मृगाच्या आधी स्वतःच्या हातानं तोडून त्यांचं सरपण केलं. घर एकच हाय, जे जगंल ते दोघांचं, असं सर्जेराव म्हणाले होते. जगलेल्या बागेला पुढच्या दोन वर्षांत सोन्याचा भाव आला, कारण सगळ्यांच्या बागा मेल्या होत्या. जालन्याची आडत अंगदच्या नावावर झाली. धर्मराजच्या वाटणीला माळ आला.

घरात शिरताना प्रभावतीनं, अंगदच्या बायकोनं, दारातच पाण्याचा तांब्या पुढं केला. "या भाऊ. या जाऊबाई. किती वाळलाव हो."

"माळावर राहणारी माणसं वाळायचीच," दुर्गाबाई म्हणाली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन टेकली. बसली नाही.

सर्जेराव पलंगावर उशीला टेकून बसले होते. धोतर धुवट, पागोटं जागेवर, पण माणूस आतल्या आत खचल्यासारखा दिसत होता. पायाशी वडीगोद्रीला दिलेली लेक दैवशाला बसली होती. भाऊ दिसताच ती उठली आणि धर्मराजच्या पाया पडली. ह्या घरात त्याचं एवढं एकच माणूस उरलं होतं. बारा वर्षांत प्रत्येक राखीपौर्णिमेला ती आधी माळावर यायची आणि मग खाली जायची. "माझा थोरला उपाशी राह्यला अन् धाकटा जेवला," असं ती अंगदच्या तोंडावर म्हणायची. धर्मराज त्या एका वाक्यावर वर्षभर जगायचा.

अंगद खुर्चीवर बसला होता. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. जालन्यात चार माणसांत उठबस असलेला हा भाऊ आज घरच्या खुर्चीतही पाहुण्यासारखा बसलेला बघून धर्मराजला पुन्हा तो गारवा जाणवला.

"आकांक्षा, सांग तुझ्या मोठ्या पप्पाला," सर्जेराव म्हणाले. "मी बोललो की ह्याला राग येतो."

आकांक्षा शेतकी शिकलेली. तिनं सरळ सांगितलं. नर्सरीची आईझाडं, ज्यांच्या डोळ्यांवर सगळी कलमं बांधली जायची, तीही पाण्यात उभी राहिली होती. मुळं सडली. झाडं अजून हिरवी दिसतात पण संक्रांत बघणार नाहीत. त्यांच्या काड्या तेवढ्या अजून चांगल्या आहेत. त्या काड्यांवरचे डोळे महिन्याभरात दुसऱ्या निरोगी झाडांवर भरले तर वाण वाचेल. ज्यावर कलम बांधतात ती खुंटांची रोपं सगळी वाहून गेली, आसपास कुणाकडं मिळत नाहीत. पुराचं पाणी न लागलेली, कोवळी, जोमदार मोसंबीची झाडं आता ह्या शिवारात एकाच ठिकाणी होती.

"माळावर," धर्मराज म्हणाला.

"हो. त्यांचे शेंडे छाटायचे आणि फुटव्यावर आपले डोळे भरायचे. झाड मरत नाही, मोठे पप्पा. फक्त दोन-तीन वर्षं फळ मिळणार नाही."

माळावरची ती झाडं चार वर्षांपूर्वी लावलेली. त्यांची कलमं धर्मराजनं बापाच्या नर्सरीतून घेतली नव्हती. हट्टानं परजिल्ह्यातून आणली होती, टेम्पो मुद्दाम बापाच्या दारावरून नेला होता. यंदा त्यांना पहिलं फळ धरलं होतं.

"म्हणजे माझी झाडं छाटून त्यावर तुमचं झाड लावायचं," धर्मराज म्हणाला.

"तुझं-माझं काय करून राह्यलास?" अंगद म्हणाला. "आप्पांनी साठ वर्षं जपलेला वाण हाय भाऊ. तो गेला तर आपल्या घराचं नाव गेलं. मी फुकट मागत न्हाई. तू म्हणशील ती भरपाई..."

"तू गप," सर्जेराव म्हणाले. "त्याला पैसा दाखवू नको."

"बरोबर हाय भाऊ," दैवशाला हळू आवाजात म्हणाली. "आप्पाकडं बघून तरी हो म्हण. त्यांचं किती राह्यलंय आता?"

धर्मराजनं बहिणीकडं पाहिलं. तिच्याकडून हे येईल असं त्याला वाटलं नव्हतं. तो बापाकडं वळला. "आप्पा, एक विचारतो. त्या साली तुमी माळाची बाग कामून मरू दिली?"

"किती खेपा सांगू? खाली माती खोल. माळावर मुरूम. मुरमात पाणी टिकत न्हाई."

"आठराव्या वर्षाचं झाड होतं. मुरमातबी अर्ध्या पाण्यावर जगलं असतं. हे मला तुमीच शिकवलंय. निम्मं-निम्मं वाटलं असतं तर दोन्ही बागा निभावल्या असत्या."

"निम्मं कुठून वाटणार होते मामा?" प्रभावती चिडून म्हणाली. "आधीच दोन बागा जगवता जगवता..."

ती थांबली. अंगदनं तिच्याकडं असं बघितलं की तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

"दोन?" धर्मराज म्हणाला. "दोन कोणत्या?"

पंखा फिरत होता. दैवशालानं पदर डोळ्यांवर ओढला, आणि त्या ओढण्यातच धर्मराजला सगळं कळलं. तरी त्यानं विचारलं, कारण कळणं निराळं आणि ऐकणं निराळं.

"अक्काची," अंगद म्हणाला. "वडीगोद्रीची. याकूबभाईचे दोन टँकर होते. एक खाली यायचा, एक तिकडं जायचा. मीच लावून द्यायचो."

"माझ्या सासऱ्यानं कपाशी मोडून बाग लावली होती, आप्पाच्या सांगण्यावरून," दैवशाला रडत बोलू लागली. "झाडं वाळायला लागली तसं घरात रोज सुरू झालं. तुझ्या बापाची झाडं तुझ्या बापाला नेऊन दे, अन् त्यांच्याबरोबर तूबी जा. एक दिवस माझं गाठोडं बांधून ओट्यावर ठेवलं होतं भाऊ. मी आप्पाला फोन केला. पाणी कुणाचं ते मला तेव्हा ठावं नव्हतं. खरंच न्हाई. नंतर कळलं."

"कधी?"

"त्याच वर्षी."

"अन् तरी राखी बांधायला येत होतीस. थोरला उपाशी राह्यला म्हणत होतीस."

"म्हणून तर येत होते," ती म्हणाली.

धर्मराजला वाटलं आपल्याला मोठा राग येईल. पण रागाच्या जागी नुसती एक पोकळी होती, दात काढल्यावर जिभेला लागते तशी. "मला सांगितलं का न्हाई?" त्यानं बापाला विचारलं.

"भावाचं पाणी तोडून नांदली, असं पोरीच्या तोंडावर उद्या कुणी म्हणू नये म्हणून." सर्जेरावांनी खोकून घसा मोकळा केला. त्यांचा आवाज अजून घरभर पुरत होता. "आता समदं निघालंच हाय तर ऐक. लेकरं तीन होती अन् पाणी दोघांचं होतं. अंगदची बाग तोडली असती तर तो कोर्टात गेला असता. मला ठावं हाय त्याचा स्वभाव. दैवशालाची गेली असती तर ती गाठोडं घेऊन दारात आली असती. अन् तू... तू काहीच केलं नसतंस."

"म्हणून मी."

"म्हणून तू. माझ्या शब्दावर विहिरीत उडी टाकणारा तूच एक होतास. जो बैल चाबकाबिगर चालतो, जड वझं त्याच्याच मानंवर देतेत. खोटं कशाला बोलू? आजबी तेच करून राह्यलो. तुझ्या मातीपेक्षा तुझा भरवसा हाय मला. दुसऱ्या कुणापुढं हात पसरायचं माझं वय न्हाई."

अठ्ठावन्न वर्षांच्या धर्मराजला बापानं जन्मात कधी एवढं जवळ घेतलं नव्हतं. ज्या सुरीनं चिरलं तीच सुरी बाप पाठीवरून प्रेमानं फिरवत होता. आणि धर्मराजला ते कळत होतं, तरी तो पलंगाकडं सरकला. आपणच एक होतो, हे त्याला ऐकायचं होतं. बारा वर्षं त्यानं ज्याची वाट बघितली ते हेच होतं की काय, कोण जाणे. त्याची मान हलायला लागली, तशीच, त्या सालासारखी.

"न्हाई," दुर्गाबाई म्हणाली.

ती अजून दाराला टेकून उभी होती. सगळ्यांनी वळून बघितलं. ती बोलेल असं कुणाच्या मनातच नव्हतं.

"झाडं मिळणार न्हाईत, मामा. माळ माझ्या नावावर हाय."

ते खरं होतं. वाटणीच्या वेळी धर्मराजनंच रागाच्या भरात सांगितलं होतं, माझ्या नावावर बापाची माती नको, बायकोच्या नावावर करा. अंगद तेव्हा हसला होता. कागद झाले आणि सगळे विसरून गेले. धर्मराजही विसरला होता.

"दुर्गे, मी बोलून राह्यलोय ना," तो म्हणाला.

"तुमी बोलत न्हाई, मान हलवून राह्यलाव. त्या सालीबी हलवलीत. मला विचारलं होतं?" ती सासऱ्याकडं वळली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला. आवाज चढवला नाही. "मामा, तुमी तीन लेकरं मोजली. दोघं वाचवली, एक सोडलं. त्या एकाच्या मागं कोण होतं ते मोजलं का? प्यायचं पाणी मी झाडांना घातलं. भांडी राखंनं घासली अन् ते पाणी वाचवून झाडाला नेलं. टँकर माझ्या डोळ्यासमोरून गेला, मी म्हणले जाऊ द्या, घर एक हाय. अन् माझी साक्षी?"

साक्षीचं नाव निघालं तसं धर्मराजनं डोळे मिटले.

"नर्सिंगला नंबर लागला होता पोरीचा. बाग गेली, फीस भरायला काय न्हाई. तुमी म्हणलात, पुढच्या साली बघू. आठरावं लागलं अन् तुमीच स्थळ आणलं. आज ती ऊसतोडीच्या टोळीत कोयता चालवती. तुमच्या पोरीचं घर राह्यलं, मामा. माझ्या पोरीचं शिक्षण त्यात गेलं. दैवशालाबाईंना मी दोष देत न्हाई. बाईला घर राखावंच लागतं. पण साक्षीचं नाव ह्या घरात आज इतका येळ झाला तरी कुणी काढलं न्हाई. तिच्या बापानंबी न्हाई."

"जाऊबाई, झालं गेलं..." प्रभावती बोलायला लागली.

"झालं तुमचं. गेलं माझं."

अंगद उठला. "भाऊ, तू गप्प बसून ऐकणार हायेस का? आप्पांसमोर ही असं बोलून राह्यली..."

"गप्प बसू दे त्याला," सर्जेराव म्हणाले. ते सुनेकडं बघत होते. मोंढ्यात, सोयऱ्याधायऱ्यांत, पंचांत, त्यांना आजवर तोंडावर कुणी नाही म्हटलेलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बाजारात अचानक कुणी आपल्यापेक्षा खरा भाव सांगावा तसं काहीसं होतं. "साक्षीचं खरं हाय," ते म्हणाले. "ते मी धरलंच न्हाई."

एवढंच. माफी नाही, काही नाही. दुर्गाबाई चपला घालून निघाली. दैवशाला "भाऊ, भाऊ" म्हणत दारापर्यंत आली. धर्मराज थांबला नाही. मागून प्रभावतीचा आवाज आला, "बायकोच्या मागं चालले बघा," आणि तो खरोखरच तिच्या मागं, दहा पावलं अंतर ठेवून, ओढ्यापर्यंत चालत गेला. त्या दिवसापासून ते एकमेकांशी कामापुरतंच बोलत राहिले.

दिवाळी झाली. माळावरचं फळ उतरलं. खाली अंगदनं जेसीबी लावून बाग उपटायला सुरुवात केली. त्याच हप्त्यात एका सकाळी आकांक्षाच्या स्कूटीवर मागं बसून सर्जेराव माळावर आले. मांडीवर ओलं गोणपाट होतं. वाटणीनंतर ह्या जमिनीवर त्यांचा पाय पहिल्यांदा पडत होता. धर्मराज पुढं धावला, पण म्हातारा त्याच्याशी बोललाच नाही. काठी टेकत तो दुर्गाबाईपुढं जाऊन उभा राहिला.

"काड्या सुकून राह्यल्या सूनबाई. काल शेवटच्या झाडाच्या काढल्या. एखादं झाड देती का? एकच."

दुर्गाबाईनं त्यांना खाटेवर बसवलं, चहा दिला. मग म्हणाली, "देते. पण कोणतं ते मी सांगंन."

तिनं नेलं ते झाड मुरमाड टेकाडावर होतं, सगळ्यांत खुरटं, यंदा फळसुद्धा न धरलेलं. सर्जेरावांनी त्याची साल नखानं दाबून बघितली.

"हे हलकं झाड हाय."

"जी," दुर्गाबाई म्हणाली. "हेच देणार हाय."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. धर्मराजनं चाकू मागितला, आप्पा मी भरतो म्हणाला, आकांक्षाही पुढं झाली. त्यांनी दोघांनाही हात लावू दिला नाही. साठ वर्षांत लाखो डोळे भरलेला तो हात. पूर्वी सर्जेराव बोलता बोलता, झाडाकडं न बघता साल चिरायचे. आज चाकू सालीवर ठेवला की थरथरायचा. एक चीर वाकडी गेली. दुसरी खोल गेली. डोळा काडीवरून सोलताना दोनदा फाटला. तिसरा कसाबसा बसला. पट्टी बांधताना गाठ सुटत होती, तेव्हा त्यांनी ती दातात धरून आवळली. असे चार-पाच डोळे भरले आणि ते घामानं भिजून तिथंच मातीत बसले. धर्मराज दोन हात लांब उभा राहून बघत होता. त्याला पहिल्या डोळ्यालाच कळलं होतं की हे धरायचे नाहीत. बहुतेक म्हाताऱ्यालाही कळलं असावं.

त्यानंतर चारच दिवसांनी सर्जेराव न्हाणीत घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. अंगद त्यांना जालन्याला घेऊन गेला आणि ऑपरेशननंतर त्यानं त्यांना तिथंच, आडतीच्या मागच्या घरात, खाटेवर ठेवलं. म्हातारा आता उठत नाही, असं आकांक्षानं सांगितलं. अंगदनं दुसरीकडून कलमं आणून विकायला सुरुवात केली होती. पाटी मात्र जुनीच होती, सर्जेरावांच्या नावाची. हे म्हाताऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पौषात धर्मराजनं पट्ट्या सोडल्या. सगळे डोळे काळे पडून सालीला चिकटले होते. बोट लावलं तसे गळून पडले. तो झाडापाशी बसलेला असतानाच फोन वाजला. आकांक्षानं लावून दिला होता. पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू आला.

"धर्मा. पट्ट्या सोडल्या का?"

"आत्ताच सोडल्या आप्पा."

"मंग?"

धर्मराजच्या तळहातावर ते काळे दाणे होते. खरं सांगायचं त्यानं ठरवलं होतं. कितीतरी दिवस त्यानं ते वाक्य मनात घोळवलं होतं, तुमचं झाड मेलं आप्पा, समदं मेलं. ते तोंडात आलंही.

"धरले," तो म्हणाला.

"किती?"

"दोन. एक तर चांगला फुगलाय."

पलीकडं म्हातारा हसला की रडला ते धर्मराजला कळलं नाही. "मला ठावं होतं," सर्जेराव म्हणाले. "तुझ्या जमिनीत धरंल हे मला ठावं होतं. किडीचं ध्यान ठेव. पाणी बेतानं दे. पान फुटलं की सांग."

"सांगतो."

दर आठवड्याला फोन यायला लागला. धर्मराजनं आधी पालवी सांगितली, मग दोन पानं, मग वीतभर फुटवा. म्हातारा खाटेवरून हुकूम सोडायचा: वरचा शेंडा मार, आधाराला काठी लाव, शेळ्यांपासून जप. धर्मराज "व्हय आप्पा" म्हणायचा. पहिल्यासारखंच. फरक एवढाच होता की आता म्हाताऱ्याच्या हयातीतलं जे काही उरलं होतं, ते धर्मराजच्या तोंडात होतं. त्यानं एक शब्द फिरवला तर ते संपलं असतं. फोन ठेवल्यावर त्याला कधी बरं वाटायचं, कधी स्वतःची शरम वाटायची. आपण बापावर दया करून राह्यलो की सूड घेऊन राह्यलो, हे त्याचं त्यालाच नक्की सांगता आलं नसतं.

एकदा फोन चालू असताना दुर्गाबाई गवताचा भारा घेऊन मागून आली. ती उभी राहिली. धर्मराज सांगत होता की फुटवा आता गुडघ्याला लागलाय, पानं जाड हिरवी हायेत, तुमच्या जुन्या झाडासारखीच.

त्यानं फोन ठेवला तेव्हा ती म्हणाली, "म्हाताऱ्यानं उद्या म्हणलं, उचलून न्या मला, बघायचंय, मंग?"

"न्हाई म्हणायचे ते."

"कामून?"

धर्मराजनं टेकाडावरच्या त्या झाडाकडं पाहिलं. "त्यांनी स्वतः डोळे भरलेत दुर्गे," तो म्हणाला. "त्यांना समदं ठावं हाय."

तिनं भारा खाली टाकला आणि पहिल्यांदाच, कितीतरी दिवसांनी, ती त्याच्या शेजारी येऊन बसली.